वैद्यकीय फेरी आणि मधले दिवस

(पाठापूर्वी वाचावे : लूक 10:1–9)

या उताऱ्यात प्रभूने सत्तर जणांस दोघे दोघे करून गावोगाव पाठविल्याची हकीकत आहे. रोग्यांस बरे करण्याची आज्ञा आपणां सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु तिच्या आधीच्या साध्या सूचनांपाशी आपण सहसा थांबत नाही. जेथे थारा मिळेल त्याच घरी त्यांनी राहावे, घरे बदलत फिरू नये आणि पुढे येईल ते अन्न घ्यावे, असे त्यांस सांगितले होते. म्हणजे रोग्याची सेवा आणि त्याच्या गावी राहणे ही दोन्ही एकत्रच आली आहेत. आजच्या पाठात याच गोष्टीचा विचार पनवेलच्या वाड्या डोळ्यांपुढे ठेवून करू.

पनवेल म्हटले म्हणजे आता मोठे रस्ते व उंच इमारती आठवतात. तथापि माथेरानच्या डोंगररांगेच्या कुशीत आणि प्रबळगडाच्या माचीवर ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येकींतून आजाऱ्यास झोळीत घालून खाली आणावे लागते. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मदतीस धावलेल्यांस डोंगर पायीच चढावा लागला. माती उपसण्याची मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. जेथे यंत्र चढत नाही तेथे औषधांची गाडी कशी चढणार?

अशा वाडीवर एखाद्या मंडळीची तुकडी जाते तेव्हा शाळेच्या ओसरीत रांग लागते. खरूज, खोकला, रक्त कमी झालेल्या स्त्रिया, पोट मोठे व हातपाय काडीसारखे झालेली मुले, असे पुष्कळ रोगी येतात. कित्येकांस गोळीपेक्षा सुईच हवी असते, आणि ती नाकारणारा डॉक्टर त्यांस कमी हुशार वाटतो! सायंकाळी पेट्या आवरून तुकडी परत जाते. हे काम चांगले आहे, त्याचा अनादर आम्ही मुळीच करीत नाही. परंतु ऋतूंकडे पाहा. वाट सुकी असते म्हणून तुकडी बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यात येते. आणि कातकरी कुटुंबे तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती पावसाच्या तोंडावर घरी परततात. मग हगवण, हिवताप, सर्पदंश, विंचूदंश हे सर्व एकदम येतात, आणि त्याच वेळी ओढ्यास पूर येऊन वाट बंद होते. वैद्य येतो तेव्हा रोगी नाही, रोगी असतो तेव्हा वैद्य नाही.

याच अडचणीचा विचार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात एका ख्रिस्ती दांपत्याने फार खोलवर केला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोर येथे शिकले आणि वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे सेवा केली. तेथे त्यांस दिसून आले की, बरे होऊन गेलेला रोगी तेच पाणी पितो, तेच अपुरे अन्न खातो आणि तोच रोग घेऊन पुन्हा दारी येतो. 1970 साली ते जामखेड येथे गेले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात ठेवाव्यात असा त्यांचा प्रथम विचार होता, परंतु परगावच्या तरुण मुलीस एकटे राहणे कठीण, आणि गावासही ती परकी. तेव्हा गावाने स्वतःच एक बाई निवडावी असे ठरले. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतील होत्या. त्या जामखेडास नियमाने येऊन शिकत आणि परत जाऊन शेजारणीस शिकवीत. बाळंतपण, मुलांचे वजन, स्वच्छ पाणी, कुष्ठरोगाची व क्षयाची ओळख, हे त्यांचे विषय होते. 1971 साली तेथे हजार जन्मांमागे सुमारे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1990 नंतरच्या दशकात ही संख्या तिसाच्या खाली आली. 1979 साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 साली व रजनीकांत 2011 साली निवर्तले. आमच्या मते त्यांचे मोठेपण यात की, आपल्या विद्येची मक्तेदारी त्यांनी स्वतःच मोडली.

आता उपदेशक बंधुभगिनींनी काय करावे? वाडीत बहुधा सरकारी आशाताई असते. ही योजना 2005 साली सुरू झाली. तिला बाजूस सारून तुकडीने आपले दुकान मांडू नये. तिलाच रांगेच्या अग्रभागी बसवावे आणि परतताना उरलेल्या रोग्यांची यादी तिच्या हाती द्यावी.

हगवण झालेल्या मुलास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा असावा, आणि मीठ अधिक पडू देऊ नये. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे द्रावण रोग्यांच्या नातलगांकरवी पाजविले आणि पटकीने मरणाऱ्या पुष्कळांस वाचविले. आईने हे स्वतःच्या हातांनी दोनदा करून दाखवीपर्यंत शिकविणे पुरे झाले असे समजू नये. सर्पदंशास आवळपट्टी, चीर किंवा मंत्र नको. तो अवयव हलू न देता माणसास झोळीत घालून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे, कारण विषावरील लस तेथेच मिळते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. औषधाच्या पुडीस प्रार्थनेची अट कोणीही लावू नये. ताप आलेल्या मुलाच्या आईकडून मिळालेला होकार हा होकार नव्हे.

येत्या रविवारी मंडळीत चर्चेसाठी प्रश्न : आपल्या जवळच्या वाडीतील कुटुंबे कोणत्या महिन्यांत घरी असतात? मागील पावसाळ्यात तेथे कोण आजारी पडले आणि त्यास खाली कोणी आणले? रात्री दुखणे आले असता त्या वाडीतील स्त्रिया प्रथम कोणाचे दार ठोठावतात, आणि त्या बाईचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?