शिरोरेषा आणि अक्षरांची जुळणी

छापलेला मजकूर बिनचूक वाचला जावा, हे मुद्रणाचे पहिले प्रयोजन होय. देवनागरीत यासाठी शिरोरेषेकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डाव्या अंगास ही रेषा खंडित असते. ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावर ती अखंड असते. अक्षर बारीक आणि कागद शाई शोषणारा असल्यास शाई पसरून ही फट बुजते. मग ‘धन’ हे ‘घन’ आणि ‘भरा’ हे ‘मरा’ असे वाचले जाण्याचा संभव असतो. म्हणून बारीक मजकुरासाठी ठसठशीत फट असलेलाच टंक निवडावा.

दुसरा विचार ओळींमधील अंतराचा. रेफ, वेलांटी व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार व ऋकार अक्षराखाली येतात. ओळी दाटल्यास ‘वृक्ष’मधील ऋकार खालच्या ओळीतील ‘मूर्ती’च्या रेफास भिडतो. १२ पॉइंटांच्या अक्षरास ओळीपासून ओळीपर्यंत सुमारे १८ पॉइंट अंतर सोयीचे ठरते. १ पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे ७२वा भाग. खिळ्यांच्या जुळणीत हे अंतर शिशाच्या पट्ट्यांनी साधत असत. संगणकावर ते आकड्याने ठरविता येते.

रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांचे शीर्षक विरळ मांडल्यास शोभते. नागरी अक्षरे तशी विरळ केल्यास शिरोरेषा तुटून शब्द विखुरतो. तेथे ठळक वा मोठा टंक वापरावा.

शेवटी, ठरलेल्या कागदावरच नमुना छापून तो मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. तो जेथे अडखळेल, तेथे बहुधा दोष वाचकाचा नसून जुळणीचा असतो.