यात्रेकरूची आपत्कालीन पडशी



तीर्थयात्रेला निघताना शिदोरी बांधण्याची आपली रीत जुनी आहे. खांद्यावर पडशी, तीत दोन दिवसांची दशमी-चटणी, पांघरायला घोंगडी आणि मुखी नाम, एवढ्या सामग्रीवर वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाट तुडविली. आज गाडी मंदिराच्या पायथ्यापर्यंत येते, पावलोपावली उपाहारगृहे आहेत आणि खिशात दूरध्वनी आहे. त्यामुळे पडशीची गरज संपली, असे आपण गृहीत धरले. सर्व काही सुरळीत असते तेव्हा हे खरेही असते. परंतु दरड कोसळली, पूर आला, घाट बंद झाला, म्हणजे या सर्व सोयी एकाच वेळी नाहीशा होतात. अशा वेळी मदत येऊन पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास, क्वचित दोन-तीन दिवस, आपल्याजवळ जे असेल त्यावरच काढावे लागतात. त्या काळासाठी जवळ काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रद्धा आणि सावधपण

‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणून काही भाविक अशा तयारीस श्रद्धेतील उणीव समजतात. हा गैरसमज आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हणही आपलीच आहे, आणि ती आळशाला उद्देशून आहे. ज्या देहाने दर्शन घ्यावयाचे, त्या देहाची निगा राखणे हेही यात्रेचेच अंग होय.

मागील आपत्तींनी काय शिकविले?

जून २०१३ मध्ये केदारनाथ येथे अतिवृष्टी झाली, आणि १७ जूनच्या सकाळी मंदिरामागील चोराबारी सरोवर फुटून प्रलय ओढवला. रामबाडा हा पायी मार्गावरील मुक्कामाचा टप्पा वाहून गेला. रस्ते तुटले आणि दूरध्वनी मुके झाले. हजारो यात्रेकरू अनेक दिवस डोंगरात अडकून पडले. सैन्यदल व हवाईदलाने त्यांना बाहेर काढले.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकरच्या परिसरातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नित्याच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकास गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर गेली. संकट कोसळणे आणि ते इतरांना कळणे यांत किती अंतर पडू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवी येथे शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. गर्दीत घरची माणसे क्षणात एकमेकांपासून दूर होतात. म्हणून संपूर्ण कुटुंबाची एकच मोठी पिशवी करू नये. प्रत्येकाची आपापली, लहान आणि पाठीवर घेता येईल अशी असावी.

पडशीत काय असावे?

१) ओळख. हे सर्वांत हलके आणि सर्वांत महत्त्वाचे. एका जाड कागदावर नाव, गाव, वय, रक्तगट, जुना आजार, चालू औषधे आणि दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत. त्यांपैकी एक नातलग यात्रेस न आलेला, घरी असलेला असावा. सोबत ओळखपत्राची छायाप्रत ठेवून दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे. क्रमांक केवळ मोबाइलमध्ये असणे पुरेसे नाही; बॅटरी संपली की स्वतःच्या मुलाचा क्रमांकही अनेकांना आठवत नाही. लहान मुले आणि विसराळू वृद्ध यांच्या अंगावरील कपड्याच्या खिशात अशी दुसरी चिठ्ठी अवश्य घालावी.

२) औषधे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फेफरे यांची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा किमान तीन दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत. ती मूळ पाकिटातच ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ असावी. इन्शुलिन उन्हापासून जपावे, पण थेट बर्फाला लागू देऊ नये. मधुमेही व्यक्तींनी थोडी साखर हाताशी ठेवावी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात्रेत उपवास धरू नये. जादा चष्मा, पट्टी, कापूस व जंतुनाशक मलमही असावे.

३) पाणी. तीन दिवसांचे पाणी घेऊन चढ चढणे कोणासही शक्य नाही. म्हणून एक लिटरची भरलेली बाटली आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात; प्रमाण वेष्टनावर दिलेले असते. पुराचे पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नये. जुलाब लागल्यास उपयोगी पडतील अशी जलसंजीवनीची चार पाकिटे ठेवावीत. ती संपल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून विरघळवावे. चमचा चहाचा असावा आणि मीठ त्याहून अधिक होऊ देऊ नये.

४) शिदोरी. शिजवावे लागणार नाही आणि चटकन नासणार नाही असेच अन्न घ्यावे. शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, खजूर, गूळ व कोरडी दशमी ही आपल्या आजीबाईंची निवड आजही उत्तम आहे.

५) ऊब. श्रावणात सह्याद्रीच्या माथ्यावर भिजलेले अंग वाऱ्याने झपाट्याने गारठते, आणि वृद्ध व बालकांना त्याचा धोका विशेष असतो. एक कोरडा कपड्यांचा जोड, कानटोपी व लोकरीचे वस्त्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावे. पांघरता व अंथरताही येईल असा प्लॅस्टिकचा मोठा कागद घ्यावा.

६) उजेड आणि आवाज. लहान विजेरी, तिचे जादा सेल आणि एक शिट्टी. ढिगाऱ्याखाली वा धुक्यात अडकलेल्या माणसाचा आवाज ओरडून लवकरच बसतो. शिट्टी दीर्घकाळ वाजविता येते. थांबून थांबून तीन वेळा वाजवावी.

७) सुटे पैसे. वीज व नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत आणि एटीएमही बंद पडते. दहा, वीस, पन्नासच्या काही नोटा असाव्यात.

हे सर्व मिळून वजन तीन-चार किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये. दागिने, काचेच्या बाटल्या, जड भांडी यांना या पडशीत स्थान नाही.

पडशी कोठे असावी?

उत्तम भरलेली पिशवी पायथ्याशी गाडीच्या डिकीत ठेवून आपण माथ्यावर गेलो, तर ती नसल्यासारखीच. दरड मध्ये पडली की गाडी खाली आणि आपण वर, अशी स्थिती होते. म्हणून दर्शनाच्या रांगेतही ती अंगावर असावी. जेथे पिशवी आत नेण्यास मनाई असेल, तेथे ओळखचिठ्ठी, त्या दिवसाची औषधे, शिट्टी आणि थोडे पैसे तरी खिशात घ्यावेत.

मात्र एक अपवाद कटाक्षाने पाळावा. गर्दीचा लोंढा आला आणि पडशी खाली पडली, तर ती उचलण्यास वाकू नये. दोन्ही हात छातीसमोर धरून, लोंढ्याच्या विरुद्ध न जाता, तिरके सरकत कडेला यावे. पडशी जिवासाठी आहे, जीव पडशीसाठी नाही.

साहाय्यासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक ओळखचिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावेत.

यात्रेनंतर

घरी परतल्यावर पडशी रिकामी करू नये. दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. आपत्ती घरीही येते, आणि तीही सांगून येत नाही. दर गुढीपाडव्यास व दसऱ्यास पडशी उघडावी. औषधांची मुदत पाहावी, खाऊ व सेल बदलावेत आणि चिठ्ठीवरील क्रमांक तपासावेत.

ही पडशी उघडण्याचा प्रसंग आपणावर कधीही न येवो, आणि आलाच तर तिच्यातील घोटभर पाणी शेजारच्या अनोळखी यात्रेकरूच्याही मुखी पडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.