गावाच्या नावात काय दडले आहे?

मुलांनो, आपल्या शहराला नाशिक का म्हणतात, असा विचार तुम्ही कधी केला आहे का?

'नासिका' म्हणजे नाक. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले, म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. काही लोक म्हणतात, नऊ टेकड्यांवर वसलेले ते 'नवशिख'. खरे कोणते, हे ठरवणे कठीण आहे. मात्र नाव फार जुने आहे, यात शंका नाही. पांडवलेण्यांतील सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या शिलालेखात ते कोरलेले आहे.

मुघलांच्या काळात या शहराला 'गुलशनाबाद' म्हणत. हे नाव तुम्हांला समजावून सांगायला नको! गुलशन म्हणजे बाग आणि आबाद म्हणजे वसलेले. म्हणजे तुमच्या उर्दूतला शब्द एके काळी या शहराचे नाव होता. पुढे पेशव्यांच्या काळात नाशिक हेच जुने नाव पुन्हा रूढ झाले.

झाडांवरूनही नावे पडतात. गोदावरीकाठची पंचवटी म्हणजे पाच वडांची जागा. पिंपळगावात कोणते झाड लपले आहे, ते तुम्हीच ओळखा.

आता तुमच्या मोहल्ल्याचे नाव घ्या. ते कसे पडले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळींत मराठीत लिहून आणा.