प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि लघवीवरील ताबा

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रोगट ग्रंथी निघाली, टाकेही सुकले. तरी रुग्ण घराबाहेर पडेनासा होतो. देवळातील कीर्तन, नातीचे लग्न, एस. टी. चा प्रवास, सारेच तो काही ना काही निमित्त सांगून टाळतो. कारण एकच. खोकला आला किंवा बसल्या जागेवरून उठले की धोतर ओले होते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारी ही अडचण पुष्कळ माणसे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. ती टळणे वा न टळणे हे बव्हंशी एका लहानशा स्नायूवर अवलंबून असते.

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. लघवी रोखण्यासाठी निसर्गाने तेथे दोन दरवाजे योजिले आहेत. पहिला मूत्राशयाच्या मुखाशी असून तो आपल्या इच्छेवाचून मिटलेला राहतो. दुसरा ग्रंथीच्या खालच्या टोकाला लागून असतो व तो इच्छेनुसार आवळता येतो. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढताना पहिला दरवाजा बहुतांशी निकामी होतो. मग सारी भिस्त दुसऱ्यावर आणि त्याला आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर राहते. हा दुसरा स्नायू बांगडीसारखा पूर्ण गोल नाही. घोड्याच्या नालासारखा, समोर जाड व मागे विरळ असा आहे.

वयोमानाने वाढलेल्या साध्या प्रोस्टेटसाठी मूत्रमार्गातून दुर्बिणीने केली जाणारी शस्त्रक्रिया निराळी, हे येथे सांगितले पाहिजे. तीत ग्रंथीचा आतील भागच खरवडला जातो. मूत्रमार्गातील एक छोटा उंचवटा शल्यविशारदाला सीमेच्या दगडासारखा उपयोगी पडतो. त्यापलीकडे हत्यार न्यावयाचे नाही, असा दंडक असल्याने दुसरा दरवाजा सुरक्षित राहतो. अशा शस्त्रक्रियेनंतर कायमची गळती क्वचितच आढळते.

कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी 1904 मध्ये केली. पुढे ही शस्त्रक्रिया पोटाच्या बाजूनेही होऊ लागली. मात्र ग्रंथीच्या समोर जाड शिरांचे जाळे असते. ते कापताच रक्ताचे तळे साचे आणि त्यात नाजूक स्नायू दिसणार तरी कसा? 1970 नंतरच्या दशकात त्याच रुग्णालयातील पॅट्रिक वॉल्श यांनी या शिरांची रचना बारकाईने अभ्यासून त्या आधीच बांधून घेण्याची रीत बसविली. रक्तस्राव आवरताच स्नायू डोळ्यांना दिसू लागला. जे दिसते ते वाचविता येते. 1981 मध्ये हॉलंडमधील लायडन येथे पीटर डोंकर यांच्यासमवेत त्यांनी ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंचाही मागोवा घेतला आणि 1982 मध्ये ते राखून शस्त्रक्रिया केली. या मज्जातंतूंचा संबंध मुख्यतः लैंगिक क्षमतेशी आहे. लघवीच्या ताब्यास त्यांचा हातभार किती, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही.

ग्रंथीच्या टोकाशी मूत्रमार्ग कापण्याचा क्षण सर्वांत कसोटीचा. तेथे मूत्रमार्गाची लांबी जितकी अधिक राखावी, तितका ताबा लवकर परततो. परंतु त्या लोभाने कर्करोगाचा अंश मागे राहिला तर मूळ हेतूच फसतो. प्रत्येकाच्या ग्रंथीचे टोक सारखे नसल्याने मोजपट्टी लावून हा निर्णय होत नाही. आता यंत्रमानवाच्या साहाय्याने हा भाग कित्येक पटींनी मोठा दिसतो हे खरे. तरी यंत्र चालविणाऱ्या हाताचा अनुभव विचारात घ्यावाच लागतो. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारण्यात अनमान करू नये.

रुग्णाकडेही काम आहे. 1948 मध्ये अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी सुचविलेले व्यायाम पुरुषांनाही लागू पडतात. वायू सरू नये म्हणून जो भाग आवळला जातो, तोच पाच ते दहा सेकंद आवळावा व तितकाच वेळ सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. श्वास रोखू नये, पोट व मांड्या ताठ करू नयेत. हा सराव शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सुरू करणे इष्ट. कारण दुखऱ्या अंगाने नवा स्नायू ओळखणे अवघड जाते. मूत्रमार्गात नळी असेपर्यंत तो थांबवावा व नळी निघाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा आरंभावा. गळतीच्या भीतीने पाणी तोडणे मात्र चुकीचे. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

नळी निघाल्यावर प्रारंभी गळती होतेच. बहुतेकांची ती काही महिन्यांत, कोणाची वर्षभरात ओसरते. त्यानंतरही ती त्रासदायक राहिल्यास मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा 1970 नंतरच्या दशकात प्रचारात आलेला कृत्रिम संकोचक बसविता येतो. त्यात मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेले कडे असते. अंडकोशाच्या पिशवीत बसविलेला पंप दाबला की कडे सैल पडून लघवी होते आणि काही मिनिटांत ते आपोआप पुन्हा भरून घट्ट बसते.