चालत्या यंत्रणेची दुरुस्ती : हायपरव्हायजर आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड

एकाच शक्तिशाली सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविणे हा क्लाउड संगणनाचा पाया होय. भारत सरकारच्या 'मेघराज' उपक्रमांतर्गत २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउडचा प्रारंभ झाला आणि शासकीय सेवा या पद्धतीने पुरविण्यास चालना मिळाली. अशा सर्व्हरच्या प्रोसेसरमध्येच दोष आढळला, तर सेवा बंद न करता तो कसा दूर करावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मायक्रोकोड म्हणजे काय?

प्रोसेसरला मिळणाऱ्या काही गुंतागुंतीच्या आज्ञा आतील सूक्ष्म आज्ञांच्या मालिकेतून पार पाडल्या जातात. या मालिकेस मायक्रोकोड म्हणतात. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडली. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा दोष उघडकीस आला. त्या वेळी चिप बदलून देण्यावाचून उपाय नव्हता आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मात्र मायक्रोकोड बदलण्याची सोय उपलब्ध झाली.

हा बदल कायमस्वरूपी नसतो. वीज खंडित होताच तो पुसला जातो. म्हणून प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना बायॉस किंवा कार्यप्रणाली तो नव्याने भरते. यास 'प्रारंभिक भरण' म्हणता येईल. यंत्रणा चालू असताना केलेल्या भरणास 'विलंबित भरण' असे म्हणतात.

हायपरव्हायजरची भूमिका

हायपरव्हायजर ही प्रत्यक्ष यंत्र आणि आभासी संगणक यांच्यामधील नियंत्रक प्रणाली होय. मायक्रोकोड बदलण्याचा अधिकार तिच्याकडेच असतो. आभासी संगणकाने तसा प्रयत्न केला तरी तो प्रत्यक्ष प्रोसेसरपर्यंत पोहोचू दिला जात नाही.

झेनसारख्या हायपरव्हायजरमध्ये विलंबित भरणाची प्रक्रिया साधारणपणे पुढीलप्रमाणे असते :

१. नवा मायक्रोकोड त्या प्रोसेसरसाठीच आहे आणि सध्याच्यापेक्षा नवीन आहे, याची खात्री केली जाते. त्यावरील अंकीय स्वाक्षरी प्रोसेसर स्वतः तपासतो.

२. सर्व गाभ्यांचे काम क्षणभर थांबविले जाते.

३. एकाच गाभ्यावर दोन धागे चालत असल्यास एक धागा भरण करतो आणि दुसरा स्वस्थ राहतो. जी आज्ञा बदलली जात आहे, तीच दुसरा धागा राबवीत असल्यास अनपेक्षित परिणाम संभवतात.

४. सर्व गाभ्यांवर एकच आवृत्ती आल्याची पडताळणी करून काम पुन्हा सुरू होते.

मर्यादा

चालू प्रणालीने प्रोसेसरच्या क्षमतांची नोंद आधीच केलेली असते. २०१४ मध्ये इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरमधील टीएसएक्स ही सदोष सुविधा मायक्रोकोडद्वारे बंद करण्यात आली. ती उपलब्ध आहे असे गृहीत धरून चालणारे कार्यक्रम अशा वेळी कोसळू शकतात. याउलट, ३ जानेवारी २०१८ रोजी 'स्पेक्टर' दोष जाहीर झाल्यानंतर मायक्रोकोडने नवी संरक्षक नियंत्रणे दिली. परंतु पूर्वीपासून चालू असलेल्या आभासी संगणकांना ती आपोआप दिसत नाहीत. शिवाय दुरुस्तीही सदोष असू शकते. काही संगणक अनपेक्षितपणे पुन्हा सुरू होऊ लागल्याने २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलने त्या आवृत्त्यांचा वापर थांबविण्याचा सल्ला दिला.

सुरक्षित मार्ग

या कारणांस्तव प्रारंभिक भरण अधिक विश्वसनीय मानले जाते. त्यासाठी एका सर्व्हरवरील आभासी संगणक चालू स्थितीतच दुसऱ्या सर्व्हरवर स्थलांतरित करतात, रिकामा झालेला सर्व्हर अद्ययावत करून पुन्हा सुरू करतात आणि मग पुढील सर्व्हर हाती घेतात. स्थलांतर सुकर व्हावे म्हणून समूहातील सर्व सर्व्हरवर समान असणाऱ्या क्षमताच आभासी संगणकांना दाखविल्या जातात. सर्व्हर रिकामा करणे शक्य नसेल आणि धोका तातडीचा असेल, तर प्रथम चाचणी-सर्व्हरवर पडताळणी करून विलंबित भरणाचा अवलंब करावा लागतो.

विद्यार्थ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०ब अन्वये सर्ट-इन ही सायबर घटनांसंबंधीची राष्ट्रीय संस्था असून अशा दोषांबाबत ती सूचना प्रसृत करते. सूचना मिळाल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतच्या काळात एकाच यंत्रावरील एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका कायम राहतो. म्हणूनच सेवेचे सातत्य आणि माहितीची सुरक्षितता यांचा मेळ घालणे हे डिजिटल प्रशासनापुढील महत्त्वाचे आव्हान आहे.