विखुरलेल्या पोथ्या, एक संहिता
महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा धडा

महाभारत हा भारतात घरोघरी परिचित असलेला ग्रंथ. तथापि, त्याची सर्वांत जुनी संहिता कोणती, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी कोणी विचारला असता, तर त्याला निश्चित उत्तर मिळाले नसते. काश्मीरमधील शारदा लिपीतील पोथी एक पाठ देत होती, तर केरळमधील मल्याळम लिपीतील पोथी दुसराच. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता व मुंबई येथे छापलेल्या आवृत्त्यांतही एकवाक्यता नव्हती. शतकानुशतके हाताने नकला होत असताना कोठे अक्षर बदलले, कोठे श्लोक गळला, तर कोठे संपूर्ण आख्यानाची भर पडली. मूळ कोणते व भर कोणती, हे ठरविण्याचा मार्ग एकच होता. तो म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या एकमेकींशी ताडून पाहणे.

अडचण अशी होती, की या पोथ्या कोणा एका संस्थेच्या मालकीच्या नव्हत्या. काही पुण्यात होत्या, काही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, काही लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात, तर काही खाजगी घराण्यांच्या पेट्यांत. साहजिकच हे कार्य कितीही संपन्न अशा एका ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरचे होते.

युरोपातील प्रयत्न

या कार्याची निकड प्रथम युरोपात मांडली गेली. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ या संस्कृत पंडितांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आवश्यकता प्रतिपादन केली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील ग्रंथ लिपीच्या दाक्षिणात्य पोथ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. दक्षिणेतील पाठपरंपरा उत्तरेकडील परंपरेहून किती भिन्न आहे, हे त्यांना त्यातून दिसून आले होते. पुढे युरोपातील विद्वत्संस्थांनी ही योजना हाती घेतली. १९०८ मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी आवृत्तीचा एक छोटासा नमुना लाइपझिग येथे छापूनही घेतला. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ज्या देशांच्या संस्थांनी एकत्र काम करावयाचे, तेच देश रणांगणात परस्परांसमोर उभे ठाकले आणि योजना थांबली.

पुण्यात पुनरारंभ

हे अपुरे कार्य पुण्याने उचलले. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पुढील वर्षी मुंबई सरकारचा हस्तलिखित संग्रह सोपविण्यात आला. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी विद्वानांनी गावोगावी शोध घेऊन हा संग्रह जमविला होता. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. भांडारकर यांच्या हस्ते महाभारताच्या कार्याचा आरंभ झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्याला भक्कम आश्रय लाभला. १९२५ मध्ये संपादनाची सूत्रे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आली. त्यांनी बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्याच हाताखाली अध्ययन केले होते. युद्धाने तुटलेला धागा या गुरुशिष्य नात्याने पुन्हा जोडला गेला.

कामाची पद्धत साधी, पण अत्यंत कष्टाची होती. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर लिहावयाचे आणि त्याखाली प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराच्या रकान्यात नोंदवावयाचा. आदिपर्वासाठी प्रत्येक भागाच्या किमान दहा पोथ्या ताडल्या गेल्या. काही भागांसाठी ही संख्या साठापर्यंत गेली. तंजावर व शांतिनिकेतन येथेही पाठ ताडून पाहण्याची व्यवस्था करण्यात आली. इंडिया ऑफिस ग्रंथालय, बडोदे, ढाका, केरळमधील नंबुद्री घराणी अशा अनेकांनी आपल्याकडील पोथ्या अभ्यासासाठी खुल्या केल्या. संपूर्ण योजनेसाठी विचारात घेतलेल्या हस्तलिखितांची संख्या १,२५९ इतकी सांगितली जाते.

नेपाळच्या पोथीची साक्ष

अशा सहकार्याचे मोल काय, हे एका प्रसंगावरून ध्यानात येते. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यात महर्षी व्यासांचा लेखक म्हणून गणपतीला बोलावल्याची सर्वश्रुत कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात देण्यात आली होती. जुन्या व परस्परांपासून स्वतंत्र अशा पोथ्यांत ती आढळत नाही, हे त्याचे कारण. पुढे काही वर्षांनी नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाच्या एका अतिप्राचीन पोथीतील पाठ उपलब्ध झाले. ही पोथी संपादनाच्या वेळी हाती नव्हती. मात्र सुखटणकरांनी निश्चित केलेल्या संहितेला तिने फार मोठ्या प्रमाणात पुष्टी दिली. शेजारच्या देशातील एका संग्राहकाने आपली पेटी उघडली, म्हणून पुण्यातील कार्याची परीक्षा होऊ शकली.

सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर डॉ. श्री. कृ. बेलवलकर व डॉ. प. ल. वैद्य यांनी ही धुरा वाहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्य पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर उतरविली व केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती शुद्ध केली. तिचा उपयोग आज जगभरचे अभ्यासक करतात.

गावपातळीवरील कर्तव्य

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सहकार्याचा पाया म्हणजे सूची. थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात अनेक संग्रहांतील संस्कृत हस्तलिखितांची एकत्रित सूची तीन भागांत प्रसिद्ध केली. कोणती पोथी कोठे आहे, हे ठाऊक असल्याखेरीज ती मागता येत नाही. दुसरी, पोथीची मालकी न सोडताही तिचा लाभ सर्वांना देता येतो. मूळ पोथी धन्याकडेच राहते. जगाला हवा असतो तो तिच्यातील पाठ.

आजही अनेक गावांतील वाडे, मठ व देवळे यांत पोथ्यांची गाठोडी पडून आहेत. घर पाडताना ती रद्दीत जातात किंवा नदीत विसर्जित केली जातात. हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा केली. तथापि, गाठोडे कोणत्या घरात आहे, ही माहिती गावातच असते. ती मिळविणे शिक्षक व पंचायत सदस्य यांना सहज शक्य आहे.

अशी पोथी आढळल्यास तिच्या मालकाला विश्वासात घ्यावे. पोथीचे नाव, लिपी, पानांची संख्या व पोथीवर आढळल्यास शक किंवा संवत् यांची नोंद करावी. पाने उन्हात वाळवू नयेत, ओल्या फडक्याने पुसू नयेत, चिकटपट्टीने जोडू नयेत. स्वच्छ सुती वस्त्रात गुंडाळून ती कोरड्या जागी ठेवावीत व जवळच्या संशोधन संस्थेस किंवा पुराभिलेख कार्यालयास कळवावे.

नेपाळच्या त्या पोथीचे महत्त्व ती पेटीत असेपर्यंत पुण्याला कळले नव्हते. गावातील गाठोड्यात काय आहे, हेही ते उघडून नोंद केल्याखेरीज कळणार नाही. एकदा नदीत सोडलेली पोथी मात्र कोणत्याही देशाच्या सहकार्याने परत मिळणारी नाही.