जुन्या टगचा सौदा

प्रश्न : परदेशातील पंचवीस वर्षे वापरलेली टग स्वस्तात मिळत आहे. घ्यावी काय?

उत्तर : कंटेनरवाहू जहाजांचे आकारमान जसजसे वाढत गेले, तसतशी बंदरांना साठ-सत्तर टन ओढशक्तीच्या आणि पंखा चहूदिशांना वळवता येणाऱ्या टगची निकड भासू लागली, परिणामी स्थिर पंख्याच्या जुन्या टगना मोठ्या बंदरांत फारसे गिऱ्हाईक उरले नाही, आणि त्या बार्ज ओढण्याच्या किंवा किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या कामी अल्प मोलाने जाऊ लागल्या. जपानी बंदरांतून निवृत्त झालेल्या टगना मात्र आग्नेय आशियात अद्यापि मागणी आहे. ऑकलंड बंदराने 2022 साली विजेवर चालणारी टग सेवेत घेतली, आणि आपल्या सरकारनेही 2024 मध्ये आरंभिलेल्या हरित टग योजनेच्या पहिल्या टप्प्यात जवाहरलाल नेहरू बंदराचा समावेश केला. तेव्हा डिझेल टगची पुनर्विक्री उत्तरोत्तर दुष्कर होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. बयाणा देण्यापूर्वी टग सुक्या गोदीत घेऊन तळाच्या पत्र्याची जाडी मोजवा, किनाऱ्यावरील खुंटाला दोर बांधून ओढशक्तीची चाचणी नव्याने घ्या (जुना दाखला ग्राह्य धरू नका), आणि नोंदणीदप्तरात गहाणाचा बोजा नसल्याची खातरजमा केल्यावाचून खरेदीखतावर सही करू नका.